इस्त्रीवाल्याचं चित्र

१४ ऑक्टोबर

ती. आईंना नमस्कार.

मी मजेत आहे. गुडघ्याला तेल लावताय ना? नसणारच, मला माहीत आहे. इथे खोली लहान, पण खिडकी मोठी. थंडी अशी, की तुम्ही बळेच पिशवीत कोंबलेले दोन्ही स्वेटर एकावर एक घालून रंगवत बसते. तुमचंच खरं झालं, घ्या!

रंगवत बसते असं लिहिलं खरं, पण परवापर्यंत नुसती बसतच होते. सून परदेशात चित्रं काढायला चालली म्हणून तुम्ही आळीभर सांगून आलात, आणि सून काढतेय काय, तर खुर्ची, जिना, रिकामा बाक. माणूस काढायला घेतला की हात थांबायचा. घरीही तीन वर्षं हेच चाललं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

खिडकीसमोर इस्त्रीचं दुकान आहे. दुकानदार वाफेत दिसेनासा होतो, परत दिसतो. सोमवारी ते बघता बघता ब्रश कधी उचलला कळलंच नाही. संध्याकाळी बघते तर कॅनव्हासवर चक्क माणूस! धावत जाऊन त्यालाच वर बोलावून आणलं.

तर गडी खूश व्हायचा सोडून भडकलाच. चित्रातल्या स्वतःच्या शर्टवर बोट ठेवून म्हणाला, "मी असा शर्ट घालतो? गिऱ्हाईक काय म्हणेल?" मी नीट बघितलं. एक काज चुकवून सगळी बटणं वरखाली लागलेली.

आई, असा शर्ट घालून घरातून कोण निघायचं ते तुम्हाला काय सांगू! तुम्ही दारात अडवून सगळी बटणं सोडून परत लावायचात. "एवढा घोडा झाला, बायको आली, तरी अक्कल नाही!" आणि हे मान वर करून हसत उभे.

त्या परक्या माणसासमोर मी ढसाढसा रडले. बिचारा घाबरला. "राहू दे, राहू दे, तसंच राहू दे," म्हणत जिना उतरला.

तेव्हापासून हात थांबलेला नाही. टपालवाली, बाकावरचं म्हातारं जोडपं, जो दिसेल त्याला काढतेय.

हे गेल्यावर तुम्ही यांचे सगळे फोटो कपाटात ठेवून कुलूप लावलंत. ते उघडा असं मी म्हणणार नाही. पण हे चित्र घरी आणतेय. बघायचं की नाही, तुम्ही ठरवा. बटणं मात्र मी सरळ केलेली नाहीत. ते काम कायम तुमचंच होतं.

तुमच्या घोड्याची बायको