पाचवी सळई

४ जानेवारी १९८१
सराफ्यात गेलो. मिठाची चांदीची वाटी आणि तीन विलायती चमचे बाजूला ठेवा म्हणून सांगून आलो होतो. बापूशेठनं वितळवून टाकले. "काका, गिऱ्हाईक पैंजण मागतं. असला चमचा कोन घेतो?" वाटीच्या बुडाला अस्सल विलायती चांदीची सिंहाची छाप होती, मी स्वतः भिंगातून पाहिली होती. घरी येऊन राग बायकोवर, विमलवर काढला. ते चूक.

७ जानेवारी
सळया पुसल्या. चारच. चांदीच्या, चपट्या, टोकदार, वर कडी. प्रत्येकीवर तोच पक्षी कोरलेला, चोचीत काडी. साहेब लोक भाजलेल्या मांसात खुपसायचे. पोस्टात असताना पहिली घेतली ती टपाल फोडायला बरी म्हणून. ती मांसाची सळई हे नंतर कळलं. मग उरलेल्या तीनही त्याच भंगारवाल्या हकीमभाईकडून. मापं पाहिली तर अजून एक, सगळ्यांत लांब, असायलाच हवी. दहा वर्षं शोधतोय.
विमल त्या स्वयंपाकघरात येऊ देत नाही. "मटणाच्या त्या." बैठकीत पुसत बसतो, पाहुणा आला की झाकतो.

१२ जानेवारी
छावणीत, हकीमभाईच्या भंगाराच्या दुकानात. आज कशानं कोण जाणे, बोलला. चारी सळया कन्नडच्या अन्वर नावाच्या जीपवाल्यानं विकल्या होत्या. त्याचा बाप छावणीत एका इंग्रज मेजरचा खानसामा. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच साहेब विलायतेला गेला, जाताना सळया देऊन गेला. "मोठी त्याच्या बहिणीकडं हाय. पर माझं नाव घ्यायचं नाय, पोस्टमास्तर." दहा वर्षं हा माणूस गप्प बसला. मी तिथं रोज चहा प्यायचो.

१५ जानेवारी
कन्नड. अन्वर जीप घेऊन गेलेला. बहीण राबियाबी, पन्नाशीची, भावाच्याच घरात राहते, ओट्यावर शिवणयंत्र. पाचवी सळई पाहिली. तोच पक्षी. कडीतून नाडी ओवली होती आणि बाई ती लेंग्याच्या नेफ्यातून सरकवत होती.
विकणार का विचारलं. "नाय. हिच्यावानी नाडी दुसऱ्या कशानंच जात नाय."
चांदीची आहे म्हटलं. "ठाव हाय मला."
बस दीड तास उशिरा. उभ्यानं आलो.

१९ जानेवारी
पुन्हा कन्नड. नाडी घालायच्या दोन पितळी ओवण्या नेल्या, एक स्टीलची, खास करून घेतलेली. तिनं तिन्ही चालवून पाहिल्या. "बोचतात, दादा." परत दिल्या.
माझ्याकडं तिचीच भावंडं आहेत, म्हणजे सळईची, हे पटावं म्हणून सगळ्यांत लहान सळई खिशातून काढून दाखवली. तिचं तोंडच उतरलं. "ही कुठं घावली?"
मी मुंबईचा बाजार सांगितला. हकीमभाईला शब्द दिला होता म्हणून. आणि खरं सांगायचं तर, परत मागेल म्हणून.
मग तिनं सांगितलं. धाकटी बहीण जुबेदा. तिच्या लग्नाच्या आठवड्यात चार सळया पेटीतून गेल्या. अन्वर म्हणाला, हिनंच सासरी पोचवल्या. बापानं मानलं. राबियाबीनंही. लग्न झालं आणि जुबेदा पाचोडला गेली. तेव्हापासून बोलणं नाही, येणं-जाणं नाही. "बरं झालं दावली. म्हंजे तिनं विकल्या, मुंबईला गेल्या. माझ्या मनात कवा कवा यायचं, नसंल केलं तिनं."
मी ऐकून घेतलं. चहाही प्यालो.

२० जानेवारी
कशातच लक्ष नाही. भाजी विसरलो, परत जाऊन आणली.

२२ जानेवारी
राबियाबीला खरं सांगू का, म्हणून विचारलं तर हकीमभाई भडकला. "दोन भैनींच्या भांडणात मला कशाला ओढता? चोरीचा माल घेतला म्हणून उद्या पोलीस यायचे." त्याचंही खोटं नाही. अन्वर घरचा कर्ता, राबियाबी त्याच्या छपराखाली. सांगितलं तर ती जाणार कुठं? नाही सांगितलं तर पाचोडची ती...
विमलला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "तुम्हाला बाईची काळजी आहे का सळया जायची भीती आहे, ते आधी ठरवा."
दोन्ही आहे.

२७ जानेवारी
कन्नड. अन्वर घरी नाही हे बघून गेलो. उभ्या उभ्याच बोललो. मुंबईचं खोटं होतं, चारी तुमच्या भावानं इथं छावणीत विकल्या, चारी माझ्याकडं आहेत. हकीमचं नाव घेतलं नाही.
तिनं यंत्र थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा दातानं तोडला.
"अब्बा गेले तवा जुबेदा आली होती. मीच आतून कडी लावली. लई वेळ वाजवत होती."
घडी केलेले कपडे तिनं पुन्हा उलगडून घडी केले.
"पाचोडला चला माझ्यासंगं. चारी घेऊन. मी नुसती तोंडानं बोलले तर तिला पटायचं नाय."
हो म्हणालो. बसमध्ये बसल्यावर स्वतःवरच चरफडलो. निदान एक तरी ठेवून घेऊ का, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही हे बरं की वाईट.

१ फेब्रुवारी
सकाळी राबियाबी आमच्या स्टँडवर आली. पाचवी सळईही पिशवीत. अन्वरला काय सांगून निघाली विचारलं. "कायबी नाय." विमलनं चारी सळया स्वतःच्या धुतलेल्या पंच्यात बांधून दिल्या.
पाचोडचा बाजार. जुबेदाचं बांगड्यांचं दुकान, जमिनीवर मांडलेलं. केस पांढरे, थोरलीपेक्षा थकलेली. राबियाबीनं मला लांब थांबवलं, पंच्याचं गाठोडं माझ्या हातून घेतलं आणि गिऱ्हाइकांत जाऊन बसली. जुबेदानं मान वर केली. एका बाईच्या हातात बांगड्या चढवत होती, त्या पूर्ण चढवल्या.
मी पानटपरीपाशी उभा. गाठोडं सुटलेलं दिसलं. मग मध्ये बैलगाडी आली. ती गेल्यावर पाहिलं तर जुबेदा पाठमोरी बसलेली, राबियाबी तिथंच, हात मांडीवर. ऐकू काहीच येत नव्हतं.
शेवटची बस लागली. हाक मारावी की नाही कळेना. राबियाबीनं वळून माझ्याकडं पाहिलं आणि हातानं खूण केली, तुम्ही जा अशी वाटली. ये म्हणाली की जा, तेही आता नक्की आठवत नाही. मी चढलो.
चारी तिकडंच राहिल्या. रागही येतोय, पण कोणाचा ते सापडत नाही.

९ फेब्रुवारी
कन्नडहून काही नाही, पाचोडहूनही नाही. राबियाबीला कार्ड लिहायला घेतलं. पत्ता कन्नडचा घालू की पाचोडचा, तिथंच अडलो.