नावाला प

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गाणं आता आपलं राहिलं नाही. नागावच्या नाक्यावर पान घेत होतो, तर रिक्षात तेच, किनाऱ्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाडीत तेच — ‘नावाला प लाव गो, नावाला प लाव!’

मूळ खेळ वाडीतल्या पोरांचा. कुणाचंही नाव घ्यायचं, पहिलं अक्षर उडवायचं आणि तिथे प बसवायचा. माझ्या बायकोची, कमळची पमळ. विनिताची पिनिता. दादूचं काय होतं ते लिहीत नाही, तिथेच पोरं लोळतात. ज्याच्या नावाला आधीच प आहे, त्याचा काढून घ्यायचा — आमची प्राप्ती म्हणून राप्ती. पोरीनेच चाल लावली, आमचा गायक अल्पेश गायला, आणि शेवटचा कान नेहमीसारखा माझा. ‘पप्पांनी पास केलं म्हणजे झालं.’ स्टुडिओत दुसरा कायदा नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाहेर कुठे बोलायचं नाही म्हणून इथे लिहितो. मला फ ऐकू येत नाही. स आणि श अर्धेमुर्धे येतात, फ पार गेला. फणस म्हटलं की ‘अणस’ येतो, कधी ‘पणस’. पुढचं मी अंदाजाने लावतो. आवाज वाढवला तर डोकं दुखतं. फ काही येत नाही.

अलिबागला ओळखीचं कोणी भेटेल म्हणून थेट पनवेलच्या डॉक्टरकडे गेलो. तिथल्या मुलीने कानाला हेडफोन लावला, म्हणाली, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. बसलो वाट बघत. म्हटलं, कधी सुरू करतेय? ती म्हणाली, “झालं काका.”

यंत्र लावा म्हणतात. कानात यंत्र घालून मी गाणं पास करायला बसलो तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मांडव्याच्या स्टुडिओत जाईल. बापाचं मिठागर सोडलं तेव्हा माझ्याकडे दोन भोंगे होते आणि दोन कान. त्या भोंग्यांनीच कान खाल्ले, दुसरं काय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गुणाजी ट्रकवाल्याकडून हळदीची ऑर्डर. त्याच्या पोराची, मितेशची हळद. गाण्यात घरच्यांची नावं घालायची — मितेशचा पितेश, होणाऱ्या सुनेची, शिवानीची, पिवानी, आणि आजोबा काशिनाथ, त्यांचा पाशिनाथ.

“रामशेट, म्हाताऱ्याचं नाव दनक्यात आलं पायजे. या वयात कोन घेतो त्याचं नाव?”

म्हटलं, वाजवतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्राप्ती व्हिडिओ करायला आगरदांड्याला. दिघीच्या फेरीबोटीवर नाचणार आहेत म्हणे.

अल्पेश नावं गाऊन गेला. आजोबांचं कडवं दोनदा गायला. जाताना हसत होता — “काका, एक सरळ हाय, एक आपली गंमत. ऐका आनि ठरवा.”

दोन्ही ऐकली. परत ऐकली. गंमत कशात आहे तेच कळेना. फोन करून विचारायचं तर काय विचारायचं? दुसऱ्यात जोर जास्त वाटला. गुणाजीच्या डीजेला दुसरं पाठवून दिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हळद. मैदान भरलेलं. पितेश झाला, पिवानी झाली, माणसं घामाघूम. मग आजोबांचं नाव आलं आणि नाचणारे थांबले. मला आधी वाटलं, वायर निघाली. पण गाणं चालू होतं.

सोनूबाई, म्हणजे नवरदेवाची आत्या, हळदीचं ताट खाली ठेवून माझ्यासमोर आली. “हळदीच्या मांडवात फाशी? माझ्या बापाला?”

तो फ मला ऐकू नाही आला. दिसला. तिचा खालचा ओठ वरच्या दाताला लागला, तेव्हा कळलं. पाशिनाथ नव्हे, फाशिनाथ! ही अल्पेशची गंमत. आणि ती मी पास केली.

गुणाजीने बाजूला घेतलं. “मुद्दाम केलंस की गानाऱ्या पोरानं केलं?”

म्हटलं, “गंमत जरा जास्तच झाली.”

चावट म्हणाले तरी धंदा चालतो. बहिरा म्हणाले तर बसतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर फोन. उचलला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गुणाजीच्या पुतण्याने अल्पेशला नाक्यावर गाठून कानाखाली वाजवली. लोकांदेखत. शिवाय दोन हळदीवाल्यांनी त्याला कळवलं, येऊ नकोस.

आला माझ्याकडे. चिडला असता तर बरं झालं असतं.

“काका, मी बोललो होतो ना, एक गंमत हाय म्हनून? ऐकलंत ना दोन्ही?”

“ऐकलं.”

“मग?”

कमळ चहा ठेवून गेली. अल्पेशने घेतला नाही. मी त्याला म्हटलं, बघतो काय ते. काय बघणार!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हिशेब सरळ आहे. कानाखाली माझ्या वाजायची, ती त्याच्या वाजली. आणि त्याचं पोट गळ्यावर आहे. मांडवातून हाकललेला गायक परत कोण उभा करतो? उद्या गुणाजीकडे जाऊन खरं सांगायचं. सोबत कोणी नको. घरी म्हटलं, चौलला वायर आणायला जातोय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गुणाजीने खुर्ची दिली. मी तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, “बस रे. कमळवयनी काल येऊन तुझ्या कानाचं सांगून गेली. दोन वर्सं झाली ना तुला? अल्पेशला मी बोलावतो, तू त्याची काळजी नको करू.”

दोन वर्षं. मी पास केलेलं गाणं प्राप्ती दर वेळी पुन्हा ऐकते. मला वाटायचं, शिकतेय. कमळ काही बोलायचं असलं की समोर येऊन उभी राहते. मला वाटायचं, मान देतेय.