आवाज गाळणारा डबा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच, भाव मात्र साष्टांगाचा आहे.) आम्ही सगळे ठीक. तुझ्या घशाचे टाके निघाले आणि पातळ खाण्यावरून तू मऊ खाण्यावर आलास, हे वहिनींकडून कळलं. आवाज परत येईल की नाही ते डॉक्टर सहा महिन्यांनी सांगणार, आणि तोवर एक शब्दही बोलायचा नाही, हेही कळलं. शाळेच्या मैदानावर तीस वर्षं कवायत घेतलेल्या माणसाला ही शिक्षा म्हणजे फारच झालं. तू माझ्यावर रागावला आहेस, हे मात्र वहिनींनी सांगावं लागलं नाही. गेल्या रविवारी सकाळी साडेसातला तू रेडिओवर आला नाहीस, तेव्हाच समजलो. म्हणून हे पत्र. एकदा शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

तर झालं असं. घरबसल्या एकमेकांशी बोलायच्या आपल्या या हॅम रेडिओच्या छंदावरून माझ्या घरात काय चालतं ते तुला ठाऊक आहे. समोरच्या इमारतीची लिफ्ट, खालच्या बिऱ्हाडातले चार्जर आणि आमचाच फ्रीज, या सगळ्यांनी मिळून माझ्या सेटमध्ये खरखरीचा नुसता बाजार मांडलाय. ही नेहमी म्हणायची की तुम्ही भाऊ भाऊ बोलता की कढईत काही तळता, तेच कळत नाही. शेवटी माझ्या वाढदिवसाला तिनेच तो स्पीकर आणला. (भेट माझी, सोय तिची. चाळीस वर्षांत दुसरं काही घडलेलं नाही.) जेवणाच्या डब्याएवढा, सेटला बाहेरून जोडायचा. त्याच्या पोटात एक यंत्र आहे, ते खरखर ओळखून गाळून टाकतं आणि माणसाचं बोलणं तेवढं बाहेर सोडतं. किती गाळायचं त्याला आठ पायऱ्यांचं बटण. आता मी कुठला पहिल्या पायरीवर थांबतोय! थेट आठवर नेलं. दादा, खोलीत अशी शांतता पसरली की मला काही झालं की काय म्हणून ही स्वयंपाकघरातून धावत आली.

त्या शांततेत मी गेल्या रविवारच्या आधीचे तीन रविवार बसलो. बोलायची बंदी असल्याने तू मोर्सची की खटखटवून, लांब-आखूड टोलांत उत्तर देणार, असं आपलं ठरलं होतं. मी हाक मारायचो, थांबायचो, काही नाही. पहिल्या रविवारी म्हटलं, दमला असेल. दुसऱ्या रविवारी म्हटलं, विसरला. तिसऱ्या रविवारी माझं डोकं फिरलं, आणि आपली सगळी रविवारची मंडळी ऐकत असताना मी जे काही बोललो ते तू ऐकलंच आहेस. लहानपणापासून तुला रुसायची सवय, आजारी पडलास म्हणून काय राजा झालास का, भाव खायला दुसरा कुणी मिळाला नाही का, वगैरे वगैरे. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा मंडळींतले ते दातांचे डॉक्टर मध्ये पडले. म्हणाले, "अहो, तुम्ही थांबलात की ते उत्तर देताहेत, आणि तुम्ही लगेच त्यांच्यावर बोलताय." मी विचारलं, काय म्हणतोय तो? डॉक्टर जरा अडखळले. "गाढवा, मी इथेच आहे, असं म्हणताहेत. तीन वेळा म्हणून झालं त्यांचं."

यंत्राचंही काही चुकलं नाही. माणसाचं बोलणं वर-खाली होतं, अडतं, घसरतं. मोर्स म्हणजे एकाच सुरातली पिप-पिप. असं एकसुरी काही आलं की ते कचरा समजून पुसतं. मोर्स ऐकताना हे बंद ठेवावं, असं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलंय. दिवसभर गिऱ्हाइकांना बारीक अक्षरांची पाटी वाचायला लावणारा मी चष्मेवाला, आणि घरच्या चार ओळी वाचल्या नाहीत! पण तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. खरखर होती तेव्हा मी जिवाचा कान करून तुला ऐकायचो. तुझा एक शब्द सुटला तर चैन पडायचं नाही. शांतता मिळाली तसा पाय पसरून बसलो, आणि बसल्या बसल्या तुला नावं ठेवली. नको ते गाळायला निघालं की हवं ते कधी गेलं ते कळतही नाही. चारचौघांत तुला बोललो, ते चुकलं माझं. माफ कर.

वहिनींना नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. डबा दुकानात परत देतो म्हटलं तर ही देऊ देत नाही. तिने तो टीव्हीला लावलाय. मालिकेतलं संगीत बरंचसं गळून जातं आणि निव्वळ भांडणं ऐकू येतात. ती खूश आहे.

पुन्हा ता. क. वर सगळं खापर मी डब्यावर आणि न वाचलेल्या माहितीपत्रकावर फोडलंय. ते खरं नाही. पहिल्या रविवारी डबा जोडण्याआधी जुन्या स्पीकरवर मी तुला ऐकलं होतं. लांब टोल गरजेपेक्षा जास्त लांबवायचा ही तुझीच खोड, दुसऱ्या कुणाचा हात असणार? पण त्यात तुझा आवाज नव्हता, दादा. जन्मभर ज्या आवाजाला घाबरलो, त्याच्या जागी ती पिप-पिप. मला ते सोसलं नाही. मीच घाईघाईने डबा जोडला, बटण आठवर नेलं, आणि टोल ऐकू येईनासे झाल्यावर तू आलाच नव्हतास अशी स्वतःची समजूत घातली. पुढचे दोन रविवार ती समजूत सांभाळत बसलो.

येत्या रविवारी जुन्या स्पीकरवर बसतोय. ये. हळू वाजव, माझा मोर्स गंजलाय. आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी नाही म्हटलं, तरीही येत जा. मी ऐकीन.