खांद्याला बसेल अशी

प्रिय मार्लिस,

बापाच्या हातचं पत्र पाहून दचकू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. आईनं रानचेरीचा मुरंबा केलाय, नेहमीसारखा जास्तच गोड. दोन बरण्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात. गुरं डोंगरावरून खाली आणली. फोन करता आला असता, पण फोनवर मी हवापाण्याच्या पुढे जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

वसंतात आमचा जावई कर्ट तीन-तीन आठवडे तेलविहिरींवर जाऊ लागला आणि तुमच्या रस्त्यावरची दोन घरं भरदिवसा फुटली, तेव्हा तू मला म्हणालीस की बंदूक घ्यायचीय. शेरीफच्या पोलिसाला तुमच्याकडे पोचायला पाऊण तास लागतो, त्यामुळे कशाला हवी असं मी विचारलंच नाही. कोणती, ते मात्र मनात ठरवून मोकळा झालो होतो: माझं मोठं रिव्हॉल्व्हर. पन्नास वर्षं शिकार केलेला माणूस मी. पोरीला यातलं काय कळणार? तुझ्या भावाच्या, डेलच्या, हातात मी त्याच्या नवव्या वर्षी बंदूक दिली. तुला कधीच दिली नाही. तू मागितली नाहीस, असं आईला सांगत आलो. खरं तर तू मागितली होतीस, दोनदा.

रूडीच्या बंदुकांच्या दुकानात त्यानं तुझ्यासमोर गुलाबी मुठीचं छोटं पिस्तूल ठेवलं, बायका हेच नेतात म्हणाला. तू म्हणालीस, "रूडीकाका, रंग राहू द्या. माझ्या खांद्याला काय बसतं ते दाखवा." तो ओशाळला आणि मी मिशीत हसलो. पण पुढची पाळी माझीच होती. मी रिव्हॉल्व्हरचं गुणगान सुरू केलं, तशी तू पर्समधून कागद काढलास. नातीच्या, टेसाच्या, चित्राच्या पाठीमागे तू घराचा नकाशा काढला होतास. त्यावर बोट ठेवून मला विचारलंस, "बाबा, नेम चुकला तर ही गोळी कुठे थांबेल? या भिंतीच्या पलीकडे मुलं झोपतात."

रानात बार काढण्याआधी जनावराच्या मागे काय आहे ते मी नेहमी पाहत आलो. घरात तसं पाहावं, हे मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

मग बाराबोअरची छऱ्याची बंदूक चालवून पाहिलीस. खांदा काळानिळा झाला. मी म्हटलं, होईल सवय. तू ऐकलं नाहीस. तिच्याहून हलकी वीस बोअरची निवडलीस, खांद्याला टेकणारा दस्ता कापून आपल्या मापाचा करून घेतलास. बंदूक घरात यायच्या आधी कुलपाची तिजोरी आली आणि भिंतीत पक्की बसली. पलंग असा फिरवलास की त्याच्याआडून दारावर नेम धरला तरी नळीचं तोंड मुलांच्या खोलीकडे कधी जाऊ नये. आठ आठवडे दर शनिवारी माझ्या माळावर येऊन सराव केलास. शेवटच्या शनिवारी बारापैकी अकरा डबे पाडलेस, तेव्हा मी 'बरं आहे' एवढंच म्हणालो. बरं कसलं, त्या दिवशी कोठारात जाऊन मी एकटाच हसत बसलो होतो.

आणि मग तो ऑक्टोबरातला मंगळवार. तू मला थोडक्यात सांगितलंस. सगळं मला शेरीफच्या माणसाकडून कळलं, गावातल्या खानावळीत, चार लोकांसमोर. दोघांनी स्वयंपाकघराचं दार फोडलं. तू मुलांना घेऊन झोपायच्या खोलीत गेलीस, दार लावलंस, पलंगाआड बसलीस, शेरीफला लावलेला फोन चालू ठेवलास. पावलं बोळात आली, तेव्हा म्हणालीस, "माझ्या हातात भरलेली बंदूक आहे. मुलं माझ्याजवळ आहेत. आल्या वाटेनं परत जा." ते गेले. तू पाठीमागे धावली नाहीस, खिडकीतून बार काढला नाहीस. शेरीफचा माणूस पोचला तेव्हा बंदूक रिकामी होऊन तिजोरीत गेली होती, आणि तू मोकळ्या हातांनी दार उघडलंस. खानावळीत तो मला म्हणाला, "ऑर्व्हिल, बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं थंड डोकं मी पाहिलं नाही." मी कॉफी पीत राहिलो. तोंडावर नाही सांगता आलं, म्हणून लिहितो: माझ्या घरात तुझ्याइतक्या शहाणपणानं बंदूक कुणी धरलेली नाही, मीसुद्धा नाही.

आता या पत्राचं खरं कारण. गेल्या गुरुवारी दुपारी अंगणात एक परका माणूस दिसला. मी रायफल घेऊन ओसरीवर गेलो, ती खांद्याला लावली. तो जागीच थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "ऑर्व्हिल, मी आल्विन." तीस वर्षांपासूनचा शेजारी, मार्लिस. शिडी परत करायला आला होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही, आईला ठाऊक नाही. डॉक्टर उन्हाळ्यातच म्हणाले होते की विसरणं आता वाढत जाईल. तेही मी तुम्हा सगळ्यांपासून लपवलं. डेलला सांगितलं तर तो म्हणेल, बाबा, काही होत नाही. तू तसं म्हणणार नाहीस. बंदुकांच्या कपाटाची किल्ली याच पाकिटात आहे, दुसरी मी केलेली नाही. रविवारी ये आणि सगळ्या घेऊन जा. मी हट्ट केला, ओरडलो, तरी ने. आज हे लिहितोय तो मी पूर्ण शुद्धीवर आहे, आणि हे काम तुझ्यावर सोपवताना माझी मान ताठ आहे.

तुझाच,
बाबा