बारीक लाईनवरचा कॉक

बाबा, परवा कमिटीने मला ऑफिसात बसवून विचारलं, फायर पंपाच्या बारीक लाईनवर कॉक कोणी लावला? पेणकरपाड्याच्या त्याच सोसायटीत, जिथे तू इतकी वर्षं पंप सांभाळलास आणि तू गेल्यावर देखभालीचं काम माझ्याकडे आलं. तू जाऊन नऊ वर्षं झाली, पण हे सांगण्यासारखं दुसरं कोणी नाही.

त्याच्या काही दिवस आधी पाचव्या मजल्यावर भर दुपारी आग लागली. पोरांनी आगीचा होज पाइप ओढला, पाणी आधी जोरात आलं, मग धार पायाशीच पडायला लागली. पंप चालूच झाला नाही. पंपरूमची किल्ली शोधून हाताने चालू करेपर्यंत नाइट शिफ्ट करून झोपलेल्या एका माणसाच्या छातीत धूर भरला होता. तो अजून हॉस्पिटलात आहे. मी खाली गेलो तर स्विचजवळचा प्रेशरचा काटा सात किलोवर, अगदी ठणठणीत. मोठा आणि छोटा, दोन्ही पंपांच्या बारीक लाईनींचे कॉक बंद. वॉचमन म्हणाला, "लीकेज था साब, पंप बार-बार चालू होता था. लोग चिल्लाते थे, तो बंद कर दिया."

आठवतं, मी नुकता आयटीआय करून आलेलो. तू राई गावाहून सुकट-भाकरीचा डबा आणलेला, पंपरूममध्ये उलट्या बादलीवर बसून जेवतोयस आणि जेवता जेवता मला बोटाएवढी नळी दाखवतोयस. मोठ्या पाइपातून निघते, पंपाच्या स्विचपर्यंत जाते. पाणी तिच्यातून वाहत नाही, नुसतं उभं असतं. वर कोणी होज उघडला की पाइपातलं प्रेशर उतरतं, तसं हिच्यातलंही उतरतं, आणि स्विच पंप चालू करतो. मधल्या व्हॉल्वला तांदळाएवढं भोक, पाण्याच्या धक्क्याने काटा उड्या मारू नये म्हणून. मी शहाणपणा केला, म्हटलं इथे कॉक लावू, स्विच बदलताना लाईन रिकामी करायला नको. तू हातातला घास तसाच धरून ओरडलास, "अक्कल हाय का न्हाय? कॉक बंद ऱ्हायला तर प्रेशर आतच अडकून ऱ्हाईल. वर बिल्डिंग जलली तरी स्विचला वाटंल सगलं बरं हाय!" मग अर्धी भाकरी माझ्यापुढे केलीस. मला तुझा फार राग आला होता.

तू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी दोन्ही लाईनींवर कॉक लावले. स्विच सारखे खराब व्हायचे, दर वेळी लाईन रिकामी करायचा कंटाळा आला. एवढंच कारण. तुझं बोलणं विसरलो नव्हतो.

आता कॉक काढून टाकलेत. कमिटीने वॉचमनलाही कामावरून काढलं. मला रडूबिडू येत नाही. जेवतो, झोपतो, हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जातो आणि परत येतो. कशाचंच काही वाटत नाही.

कमिटीला मी म्हणालो, "कॉक जुने आहेत. बाबांच्या टायमाचे." कोणी आवाज चढवला नाही. चेअरमन म्हणाले, "अंकल भले आदमी थे, उस टाइम इतना कौन जानता था." त्यांनी कागदावर कॉक लावणारा म्हणून तुझं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी खाली सही केली.

हे पत्र तुला पोचणार नाही, ते ठीक आहे. पण हेच उद्या चेअरमनच्या हातात दिलं तर त्या कागदावरून तुझं नाव पुसलं जाईल. मी देणार नाही, बाबा.