तुळसाला मुसळ ऐकू येतं

१४ नोव्हेंबर १९६१, मंगळवार

"तुळसा खुळी नाही. तिला ऐकू येत नाही!" बालवाडीच्या सत्यवतीबाई आज आमच्या खळ्यात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या आणि सासूबाईंनी हातातली केरसुणी खाली टाकली. घाबरून नव्हे. भांडायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून.

"आयकाक येना नाय? मुसळाचो पयलो घाव पडता आणि ता ताडकन उठान बसता! बाई, तुमचा शिक्षाण वेंगुर्ल्यातच ठेवा."

बाई वेंगुर्ल्याच्या. माझ्याच वयाच्या असतील. पुण्याला शिकताना बहिऱ्या मुलांची शाळा बघून आल्यात म्हणे. "रविवारी येते," म्हणाल्या आणि गेल्या.

मी मध्ये पडले नाही. कारण मुसळाचं खरं आहे! माझी मुलगी चार वर्षांची झाली, एक शब्द बोलत नाही. हाक मारली तर ढुंकून बघत नाही. पण मी स्वयंपाकघरात जमिनीत पुरलेल्या व्हायनात, दगडी उखळात, भात कांडायला घेतला की पलीकडे चटईवर झोपलेली तुळसा जागी. देवळात ढोल वाजला की नाचते. म्हणून तर सगळे म्हणतात – ऐकते, पण हट्टी आहे. नाहीतर खुळी. गावाला दोनच शब्द येतात.

१९ नोव्हेंबर

बाई आल्या. तुळसा अंगणात शिंपले मांडत बसली होती. बाईंनी तिच्या पाठीमागे शाळेची घंटा बडवली. माडावरचे कावळे उडाले, तुळसा हलली नाही. मग बाईंनी नुसता पाय आपटला – आणि तिनं वळून बघितलं! "जमीन हललेली कळते तिला," बाई म्हणाल्या.

सासूबाई – "घंटेक ता कशाक बघात? तेका शिंपले बरे."

पण माझ्या डोक्यात भुंगा शिरला. दुपारी तुळसा झोपल्यावर तिला उचललं, आढ्याला झोळी बांधून त्यात घातलं. अंग जमिनीला कुठे लागायला नको. सासूबाईंना म्हटलं, आता तुम्हीच कांडा. एक घाव घातला. दुसरा घातला. मग इरेला पेटून असे घातले की फडताळातली भांडी वाजली. पोर ढाराढूर! तशीच खाली आणून चटईवर ठेवली आणि मी मुसळ उचलून एकदाच टाकलं. टक्क उठून बसली.

सासूबाई मुसळ भिंतीला लावून मागीलदारी गेल्या.

मी मात्र हसत सुटले! पोर बहिरी आहे म्हणून हसणारी आई मी एकटीच असेन. पण खुळी नाही, हट्टी नाही – तिला ठाऊकच नाही मी हाक मारते ते! तिला उराशी धरून रडले, पुन्हा हसले. छातीवरचा धोंडा उतरला.

२ डिसेंबर

घसा बसला!

बाईंनी सांगितलंय, सारखं बोला. तिच्यासमोर, उजेडात, तोंड दिसेल असं. भात वाढताना "भात", पाणी देताना "पाणी". तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवा, आवाज हाताला कळू दे. लहानपणापासून मला "नर्मदे, तोंड आवर" याशिवाय कोणी काही सांगितलं नाही. आता सरकारचा पगार घेणारी बाई सांगते – बोलत राहा!

२० डिसेंबर

बाईंनी मुंबईच्या शाळेचं काढलं. बहिऱ्या मुलांची, राहायची सोय असलेली. जितकं मूल लहान तितकं बरं, म्हणतात. सासूबाईंचं एकच – "देवान उजवो कौल दिल्यान, चेडू बोलतला म्हणान. आता मुंबैक धाडून देवाक खोटो पाडतास?"

कौल मागच्या वर्षी लावला होता, त्या भरवशावर आम्ही आजवर वाट बघत बसलो. आणि मी? मी बाईंच्या बाजूनं बोलले खरी, पण मनातून मलाही नको होतं. तिकडे तिची खूण कोणाला कळणार? तहान लागली की ती कानाची पाळी ओढते. हे मुंबईत कोण ओळखणार? तिचे बाबा तिथेच नोकरीला, पण त्यांनाही ही खूण ठाऊक नाही.

२५ डिसेंबर, सोमवार

आज देवळात नवा कौल. गणपत गुरवांनी गाऱ्हाणं घातलं – चेडवाक मुंबैक धाडूचा काय? ओल्या पाकळ्या देवाला लावल्या. पडेनात. मी हात इतके गच्च जोडले होते की एक बांगडी फुटली. शेवटी डावी पडली. नको!

देवा, तुला माझ्या पोटातलं कळलं रे. खांबाला टेकले.

सासूबाई माझ्याकडे बघून – "आता गप रवायचा. देव बोलयतलो तेका."

मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, "देवान बोलतला म्हणान सांगल्यान. शिकवू नको असा खंय सांगल्यान?"

सून देवळात बोलली! गुरव आधी गोरेमोरे झाले, मग हसायलाच लागले. "वैनी, ह्या बाकी खरा. तसा काय आमी इचारूकच नाय." सासूबाई घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत आल्या.

२६ डिसेंबर

बाई चिडल्या. "पोरीचं शिक्षण फुलाच्या पाकळीवर ठरवता?" मग माझं तोंड बघून निवळल्या. "बरं. मग शाळा तुम्ही व्हायचं. सकाळी माझ्याकडे बालवाडीत, बाकी दिवसभर तुम्ही. कंटाळलात तर मी नाक्यावर उभी राहून तुमची अब्रू काढीन."

मी आणि कंटाळणार? बोलायला!

११ मार्च १९६२

"पे."

पेजेच्या वाडग्याकडे बोट, ओठ मिटून उघडले आणि – "पे!" जाड, घोगरा आवाज. माझ्या मुलीचा आवाज! सासूबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले. जोडू देत. श्रेय कोणीही घेवो. मला आवाज मिळाला.

९ मे

हे मुंबईहून आले. गोदीतली नोकरी, वर्षातून एकदा घर. तुळसा यांच्या तोंडाकडे बघते आणि गोंधळते. माझ्या लक्षात आलं – मिशी! ओठ दिसतच नाहीत. काढा म्हटलं. "येडी की काय तू?" म्हणाले. जेवायला वाढलं नाही. काढली.

१० मे

काय हा गोंधळ! सकाळी सफाचट तोंडानं हे बाजारात गेले. मामंजींना जाऊन वर्षं झाली, तेव्हा मिशी उतरवली म्हणजे आईच गेली असणार! दुपारपर्यंत ओसरीवर माणसं. शेजारच्या सुभद्राकाकी तर गळा काढतच आल्या आणि समोर साक्षात सासूबाई फणस फोडतायत.

"कोण मेला गो?"

"तूच!"

सासूबाईंनी हातातल्या कोयत्यासकट यांना अख्ख्या घरातून पळवलं. "मी जिती आसंय आणि माझो झील मिशी काढता!" तुळसा खदखदून हसत होती. संध्याकाळी यांच्या मांडीवर बसली, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली – "बाबा." हे उठून विहिरीकडे गेले. बराच वेळ तोंड धूत होते.

रात्री सासूबाई मला – "वाढवूक दिव नको हां तेका मिशी."

३० ऑगस्ट

दिवस गेलेत. आनंद आहे. भीतीही आहे, लिहूनच टाकते. सासूबाई म्हणतात, "ह्या खेपेक काय्येक जावचा नाय." मी मान हलवते.

तुळसाला आता पुष्कळ शब्द येतात. तिचे तिचे उच्चार, पण घरात सगळ्यांना कळतात. बालवाडीत एका मुलाला चावली. बाईंनी मला बोलावून सांगितलं, दोघी हसलो. खुळ्या पोरीची तक्रार कोण करतं? ही शहाण्या पोरीची तक्रार!

८ फेब्रुवारी १९६३

मुलगा झाला. सुखरूप. खणखणीत रडतो. सुईण म्हणाली, "असो रडता म्हणजे बोलतलो." तुळसाही अशीच रडायची.

२१ मार्च

बाळ माझ्या मांडीवर दूध पीत होतं. सासूबाई पाठीमागून आल्या आणि हातातलं पितळी झाकण दुसऱ्या झाकणावर जोरात आपटलं. मी दचकले. बाळ पीतच राहिलं. त्यांनी पुन्हा आपटलं. मग झाकणं खाली ठेवली, माझ्या शेजारी बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"गो नर्मदे, हेका पण आयकाक येना नाय." मी रडायच्या बेतात होते. त्यांनी हात पुढे केले. "रडतस कशाक? हाड तेका हय, खिडकेकडे. आमका ह्या खेपेक वेळीच कळला." बाळाला घेतलं, त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर उजेडात धरलं आणि बोलायला लागल्या.