हिरव्या छत्रीचं दर्शन

रवि., २ नोव्हें.
चर्चची उपासना बुडवून बदनापूरला, थोरल्या बहिणीकडे. अक्का परवा न्हाणीत घसरली. मनगट सुजलंय, तरी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेली. भाची, तिचीच लेक, नाशिकहून न्यायला आलीय. अक्काचं एकच : "म्या न्हाई येत. रतन आला आन दाराला कुलूप दिसलं, त कुठं जाईल त्यो?"

रतन, आमचा धाकटा. सतराव्या वर्षी घरातून गेला, त्याला पन्नासवर वर्षं झाली. ब्याऐंशीची अक्का आता त्याची वाट बघतेय, कारण ऑगस्टच्या मेळाव्यात संजय संदेष्ट्याने डोळे मिटून तिला सांगितलं : तुमचा भाऊ हिरवी छत्री घेऊन गेला, नाताळच्या आत येईल.

छत्री खरी. बाबांची. हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं, अशी साक्ष मीच रडत रडत उभं राहून दिली. साऱ्या मंडळीने हालेलुया म्हटलं.

भाची स्टेशनपर्यंत आली. "मामा, ती एकटी मरंल इथं."

राग येतोय. कुणावर, कळत नाही.

बुध., ५
मस्तगडला दाढी करायला. न्हावी माझाच विद्यार्थी, शाळेत संजय संदेष्ट्याच्या बाकावरचा. वस्तरा गळ्याशी, आणि म्हणतो कसा, "सर, तो छत्रीवाला भाऊ घावला का हो तुमचा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आँ! तुम्हीच की. सातवीत. ती निरोपाची कविता आली की खिडकीकडं बघून सुरू व्हायचे तुम्ही. आम्ही मुद्दाम तीच काढायला लावायचो. मंग गृहपाठ कोण बघतंय!"

हसत होता. अर्धी दाढी तशीच टाकून उठणार होतो.

ती खिडकी. बाहेरचा कडुनिंब, पोरांचं एका सुरात म्हणणं, आणि मी कुठल्या कुठे... किती गोड वाटायचं. पन्नास पोरांपुढे घरचं दुःख मिरवलं, दरवर्षी. आणि म्हणे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं! थू.

शुक्र., ७
संजयकडे. बाहेर प्रार्थनेसाठी लोकांची रांग. "सलाम सर" म्हणत पाया पडायला वाकला. मागे सरलो. सगळं सांगितलं. चेहरा उतरला.

"शप्पथ सर, आठवत नव्हतं. डोळे मिटले आन छत्री दिसली. बिलकुल समोर."

मानलं. पाठांतर तेव्हाही पक्कं होतं त्याचं, कुठलं पाठ केलंय तेवढं विसरायचा.

"आणि तो येणार, हे? तेही दिसलं?"

"अक्काचं तोंड बघवलं न्हाई. आन लोक उठून उभे राह्यलेले. निघून गेलं तोंडातून."

निघून गेलं! देवाचं नाव लावून!

जाऊन सांग म्हटलं तिला. तर म्हणतो, मंडळीचा विश्वास ढळेल.

"देवावरचा की तुझ्यावरचा? तुला 'चुकलास' म्हणणारं कुणी आहे का रे? माईक नसताना प्रार्थना कधी केलीस?" ओरडलोच. रांग ऐकत होती. ऐकू दे.

"एकटा बसलोच न्हाई सर, वर्षभर," हळूच म्हणाला. पण येतो म्हणाला नाही.

रवि., ९
उपासनेनंतर साक्ष परत घेतली. चर्चचे पाळकसाहेब आधी बाजूला घेऊन म्हणाले होते, "सर, नाताळ होऊ द्या, मग बघू." बघू! तोवर अक्का दुसऱ्यांदा पडली म्हणजे?

छत्रीची गोष्ट मीच वर्गात सांगायचो, एवढंच सांगून बसलो. मागून कुणीतरी, "म्हातारपणी शैतान शिरला." सं. पुढच्या बाकावर, मान खाली. उठला नाही. भेकड. माझाच विद्यार्थी.

बुध., १२
सकाळीच सं. दारात. तीन दिवसांचा उपवास, ओठ सुकलेले. "चला सर, बदनापूर."

अक्कापुढे जमिनीवर बसला. "अक्का, भाऊ येईल असं देव बोलला न्हाई. म्या बोललो. माफ करा."

भाची अक्काची बॅग भरायची थांबली. अक्का त्याच्याकडे बघतच राहिली.

"मंग येणार न्हाई, असं बोलला का देव?"

"ते बी न्हाई."

"त मीट डोळे. आता खरं बघ."

मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं. सं.ने डोळे मिटले. किती तरी वेळ. कपाळावर घाम. अक्का सुजल्या हाताने खुर्ची धरून पुढे वाकलेली. आणि मीही...

"काहीच दिसत न्हाई, अक्का."

खरं बोलला. याच्यासाठीच तर मी भांडत होतो. आणि तरी त्याचा असा राग आला, की हात उगारावासा वाटला. एवढंसं काही तरी दिसलं असतं तर...

अक्का खुर्चीतून उठली नाही. भाची खुणेने विचारत होती, बॅग भरू का. मला सांगता येईना.